पाठीवरचे घर आणि उत्तरेची वाट

घर सोडून प्रवासाला जाणे निराळे आणि घरच बरोबर घेऊन प्रवासाला जाणे निराळे. पहिल्या प्रवासाला शेवट असतो. माणूस परत येतो, कुलूप काढतो आणि आपल्या उंबऱ्यात बसून गेलेल्या दिवसांच्या गोष्टी सांगतो. दुसऱ्या प्रवासात उंबरा असा नसतोच. अलीकडे मोटारीच्या मागे चाकांचे लहानसे घर जोडून, त्यात अंथरूण-पांघरूण, चूल-भांडी आणि आवडती कुत्री घालून उत्तरेकडे हिमालयापर्यंत फिरून येण्याची हौस आपल्याकडच्या काही सुखवस्तू मंडळींना लागली आहे. तिला कोणी नवी टूम म्हणतात, कोणी पाश्चात्त्यांचे अनुकरण म्हणतात. मी बुलढाणा जिल्ह्यात वाढलेला माणूस आहे. मला ती नवी वाटत नाही. घर, गुरे, बायकामुले आणि कुत्री घेऊन उत्तरेची वाट तुडवणारी माणसे आमच्या घाटांनी कित्येक शतके पाहिली आहेत. त्यांच्या घराला फक्त चाके नव्हती. ती का नव्हती आणि चाके आल्यावर त्या माणसांचे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

आधी वाट समजावून घेतली पाहिजे. आमच्या जिल्ह्याचे निसर्गानेच दोन मजले पाडले आहेत. खालचा पायनघाट: मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद ही पूर्णेच्या काळ्या खोऱ्यातली गावे. वरचा बालाघाट: बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. मधे अजिंठ्याच्या डोंगराची कड. खालचे पाणी पूर्णेतून तापीला मिळते आणि पश्चिम समुद्राला जाते; वरचे पाणी पैनगंगेसारख्या नद्यांनी गोदावरीच्या खोऱ्यात उतरून पूर्व समुद्राला जाते. या कडेवर उभे राहिले, की हिंदुस्थान आणि दख्खन यांच्या सीमेवरच आपण उभे आहोत असे वाटते; आणि ते वाटणे खोटे नाही. उत्तरेकडून नर्मदा-तापी ओलांडून बुऱ्हाणपुरास आलेल्या माणसाला दक्षिणेत शिरण्यासाठी ज्या वाटा होत्या, त्यांतली एक मलकापुरावरून येऊन रोहिणखेडजवळ डोंगराच्या पायथ्याशी लागे आणि घाट चढून देऊळघाट-बुलढाण्याच्या पठारावर येई. आज मलकापूरहून बुलढाण्याला येणारी बस राजूर घाटातून धापा टाकीत वर चढते, तेव्हा शेजारच्या माणसाला झोप लागलेली असते. पण ही कड कोणाच्या हाती आहे या एका प्रश्नावर राज्ये गेली आणि आली आहेत.

रोहिणखेडचेच पाहा. इ. स. १४३७ मध्ये खानदेशच्या नासिरखान फारुकीचा बहामनी सेनापती खलफ हसन बसरी याने येथेच पराभव केला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या गादीसाठी बुऱ्हाण निजामशहा आणि जमालखान यांची गाठ पडली, तीही येथेच. १७२४ च्या ऑक्टोबरात साखरखेर्ड्याला निजामउल्मुल्काने मुबारिजखानाला मारले आणि दख्खनमध्ये आपले घराणे कायमचे रोवले. विजयाची खूण म्हणून त्याने गावाला फत्तेखेर्डा असे नाव दिले, पण लोकांनी साखर काही सोडली नाही. १७६० च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊ परतुडाहून उत्तरेकडे निघाले आणि बुऱ्हाणपुरावरून नर्मदेकडे गेले. परतूर आणि बुऱ्हाणपूर यांच्यामध्ये नकाशावर आमचाच जिल्हा आडवा पसरलेला आहे. आणि १८०३ च्या सप्टेंबरात आमच्या सीमेपलीकडे असईला, नोव्हेंबरात पलीकडच्या बाजूला अडगावला आर्थर वेलस्लीने मराठी सत्तेचे कंबरडे मोडले.

या सगळ्या लढायांची वर्णने आपण शाळेपासून वाचतो. घोडे किती, तोफा किती, कोण कोणाला फितूर झाला, हे सर्व त्यांत असते. एक साधा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही: एवढी माणसे रोज खात काय होती?

बादशाही फौज म्हणजे चालते शहरच असे. मोगलांच्या छावणीत राहुट्यांचे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामावर असला म्हणजे दुसरा संच पुढच्या मुक्कामाला जाऊन उभा राहिलेला असे. याला पेशखाना म्हणत. संध्याकाळी बादशहा पोचे, तेव्हा त्याचे घर त्याच्या आधी पोचलेले असे. सर टॉमस रो हा इंग्रज वकील १६१५ च्या नोव्हेंबरात बुऱ्हाणपुरास येऊन शहाजादा परवेजला भेटला आणि मग अजमेरला जहांगिराकडे गेला. त्या काळी इंग्रजांनी बादशहाला दिलेल्या नजराण्यांत एक चारचाकी बग्गी होती आणि मोठी शिकारी कुत्रीही होती. रोबरोबर असलेला पाद्री एडवर्ड टेरी लिहितो, की जहाजावर चढवलेल्या कुत्र्यांपैकी दोनच जिवंत पोचली. जहांगिराने त्यांना प्रत्येकी चार-चार चाकर दिले, पालखीत बसवून आपल्याबरोबर फिरवले, माश्या हाकायला पंखेवाले ठेवले आणि स्वतःच्या हाताने घास भरवता यावा म्हणून रुप्याचा चिमटा करवून घेतला. कुत्र्यांसह, चाकांच्या गाडीसह केलेल्या शाही सफरीचे यापेक्षा थाटाचे उदाहरण मला ठाऊक नाही.

पण पालखीतल्या कुत्र्याच्या मागून धुळीत चालणारा दुसरा एक कुत्रा होता, आणि इतिहासाच्या दृष्टीने मला तोच अधिक मोलाचा वाटतो. तो बंजाऱ्यांच्या तांड्याचा कुत्रा. बादशहाची, सुभेदाराची, निजामाची, पेशव्याची, पुढे कंपनीचीही फौज जेवत होती ती या तांड्यांच्या बैलांवर.

पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात हिंडत होता. त्याला वाटेत एक तांडा भेटला. त्यात धान्याने लादलेले चौदा हजार बैल होते. बैलागणिक केवळ एक क्विंटल ओझे धरले तरी चौदाशे टन धान्य झाले. आजच्या दहा टनी मालमोटारी एकामागे एक लावल्या तर एकशेचाळीस लागतील. मंडीने हेही नोंदवले आहे, की ही माणसे आपला सगळा संसार बरोबर घेऊन हिंडतात आणि दिवसाकाठी सहा-सात मैलांपेक्षा अधिक चालत नाहीत. त्याच शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सांगतो, की दहा-बारा हजार बैलांचा तांडा अरुंद वाटेवर समोरून आला, तर तो संपूर्ण पुढे जाईपर्यंत प्रवाशांना कधी कधी दोन-तीन दिवस खोळंबावे लागे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्यात चार वर्ग होते: एक गहू-ज्वारीसारखे धान्य वाही, दुसरा तांदूळ, तिसरा डाळी आणि चौथा मीठ.

दिवसाला सहा-सात मैल! या हिशेबाने बुऱ्हाणपुराहून बुलढाण्याच्या पठारावर यायला तांड्याला दहा-बारा मुक्काम सहज लागत असतील. आज आपल्याला ही गती हास्यास्पद वाटेल. पण त्या मंदपणातच त्या धंद्याचे सारे रहस्य होते. घाईने हाकललेल्या बैलाला वैरण विकत घालावी लागते. सावकाश चालणारा बैल वाटेवर चरत जातो. गायरान आणि जंगल हाच त्याचा दाणागोटा. त्यामुळे वाहतुकीला खर्च असा जवळजवळ पडतच नसे आणि मीठ, ज्वारी, हरभरा यांसारखा स्वस्त, अवजड माल शेकडो मैल नेऊनही परवडे. चाकांची गाडी या हिशेबात बसत नव्हती. गाडीला वाट लागते. बैलाला पाऊलवाट पुरते. काळ्या मातीच्या चिखलात गाडी रुतते, घाटात तिचा आख मोडतो, नदीच्या दरडीवर ती उलटते. गोणी पाठीवर टाकलेला बैल यांतून कोठूनही निघतो. बंजाऱ्यांनी चाके घेतली नाहीत ती अज्ञानामुळे नव्हे. रोहिणखेडच्या घाटाला चाक मानवणारे नव्हते म्हणून.

तांड्याचे घर म्हणजे पाल. मुक्कामाच्या जागी गोण्या उतरवायच्या, त्यांची गोलाकार थप्पी लावायची. हाच तट, हीच वेस. आत पाले, चुली, बायकामुले; बाहेर बैल चरायला सोडलेले. तांड्याचा कारभार नाईकाच्या हाती. तो ठरवील तो रस्ता, तो ठरवील तो मुक्काम, आणि त्याचा शब्द हीच पेठेतली पत. पावसाळ्यात ओढे भरले, की तांडा एखाद्या माळावर थांबे. दसरा-दिवाळी झाली, वाटा वाळल्या, माळावर गवत उभे राहिले, की पुन्हा लादणी सुरू. या फिरत्या व्यापाराला त्यांच्या बोलीत लदेणी म्हणतात. शेकडो वर्षे ह्या समाजाचे वर्ष दिवाळीला उघडत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि कुत्रे. गोण्यांच्या तटाबाहेर रात्री हजारो बैल चरत असताना वाघ, बिबट्या आणि चोर या तिघांवरही नजर ठेवणारा दुसरा कोण होता? सोलापूर-सांगलीकडे, तसेच मुधोळच्या भागात उंच पायांची, निमुळत्या तोंडाची, वाऱ्यासारखी पळणारी जी कुत्री आहेत, त्यांना कारवानी म्हणतात. हे नाव तांड्यांवरून, कारवानांवरून पडले. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, पाचव्या जॉर्ज बादशहाला त्यांतली कुत्री नजर केली आणि मग तिला मुधोळ हे संस्थानी नाव मिळाले. २००५ मध्ये टपाल खात्याने तिचे तिकीटही काढले. तांड्याच्या मागून आलेले जनावर अशा रीतीने राजवाड्यात गेले. नावातून तांडा मात्र गळून पडला.

बंजारा आणि त्याचा कुत्रा यांची एक कथा मध्य हिंदुस्थानात फार पसरलेली आहे. छत्तीसगडात बालोदजवळ खपरी येथे कुकुरदेवाचे जे देऊळ आहे, ते तिचेच स्मारक मानतात. एका बंजाऱ्याला सावकाराचे कर्ज फेडता येईना. गहाण ठेवायला दुसरे काही नव्हते, म्हणून त्याने आपला कुत्रा गहाण ठेवला. एके रात्री सावकाराच्या घरी चोरी झाली. कुत्र्याने चोरांचा माग काढला, माल कोठे दडवला ते पाहिले आणि सकाळी सावकाराला तेथे नेऊन उभे केले. सावकार प्रसन्न झाला. कर्ज फिटले, असे चिठ्ठीवर लिहून ती त्याने कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मोकळे सोडले. कुत्रा धावत धन्याकडे आला. धन्याला वाटले, याने आपला शब्द मोडला, गहाणातून पळून आला. आणि संतापाच्या भरात त्याने त्याला मारले. चिठ्ठी त्याने नंतर वाचली.

ही कथा खरी घडली की नाही, याला महत्त्व नाही. ती शतकानुशतके सांगितली गेली, यावरून दोन गोष्टी दिसतात. कुत्रा हा तांड्याचा असा ऐवज होता, की सावकारानेही तो तारण म्हणून घ्यावा. आणि शब्द मोडला जाणे ही त्या समाजात सगळ्यांत मोठी नामुष्की होती. जो माणूस दुसऱ्याचे हजारो मण धान्य घेऊन महिनोनमहिने रानातून हिंडतो, त्याच्या प्रामाणिकपणावर लोकांचा भरवसा नसता, तर त्याचा धंदा एक हंगामही चालला नसता.

या भरवशाचा व्याप किती होता? रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठी मिर्झापूरपर्यंत जाई. उत्तरेची लांबच लांब वाट म्हणतात ती हीच. परतीच्या वाटेवर मीठ असे. लमाण हा शब्द लवण म्हणजे मीठ यावरून आला असे मानतात, आणि आमच्या लोणारच्या नावातही तेच लवण आहे. लोणारच्या खाऱ्या सरोवरातला क्षार हा काही रोजच्या जेवणातला नव्हे. पण आईने अकबरीत अबुल फजलने लोणारची दखल घेऊन काच आणि साबण करण्यास लागणारे जिन्नस तेथे मिळतात असे लिहिले आहे.

युद्धाच्या काळात ही माणसे दोन्ही पक्षांना हवी असत. धान्य घेऊन येणाऱ्याला लुटले, तर पुढच्या खेपेला धान्य येत नाही, हे साध्या शिपायालाही कळत होते. असफखानाच्या फौजेबरोबर दख्खनमध्ये आलेल्या भंगी आणि जंगी या नाईकांना गवत, पाणी आणि इतर सवलतींचा सोनेरी अक्षरांचा ताम्रपट मिळाला होता, अशी परंपरा बंजारा समाज अभिमानाने सांगतो. १८०३ च्या मोहिमेतली वेलस्लीची पत्रे वाचली, तर ब्रिंजारी हा शब्द पुन्हापुन्हा भेटतो. शत्रूच्या तोफांपेक्षा त्याला आपल्या बैलांची काळजी अधिक होती असे वाटावे! उलट १७६० साली भाऊसाहेबांबरोबर लढवय्यांइतकेच बायका, यात्रेकरू आणि बुणगे उत्तरेकडे गेले. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, रस्ते तुटले, आणि जानेवारीच्या चौदा तारखेला मराठी फौज रणात उतरली ती उपाशी पोटी. पानिपतावर भाल्या-तलवारींच्या आधी गोण्या संपल्या होत्या.

मग ही व्यवस्था मोडली कशी? ती कोणी युद्ध करून मोडली नाही. ती चाकाने मोडली.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला हवा होता, आणि १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाल्यावर तर तो फारच हवा झाला. मलकापूर, नांदुरा, शेगाव यांवरून रेल्वेचे रूळ पडले. १८६७ मध्ये गाडी नागपुरास पोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला. ज्या कापसाला मिर्झापूर गाठायला हंगाम लागत होता, तो आता दोन-चार दिवसांत मुंबईच्या बंदरात जाऊ लागला. पायनघाटातली लदेणी एका पिढीच्या आत संपली. मिठाचेही तसेच. मिठावरचा कर चुकू नये म्हणून सरकारने पंजाबापासून आमच्या शेजारच्या बुऱ्हाणपुरापर्यंत काटेरी कुंपणाची जकातरेषाच उभी केली होती. १८७९ मध्ये ती उठवली, पण तोवर मीठही आगगाडीत बसले होते. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव वने बंद झाली. ज्या फुकट गवतावर सारा धंदा उभा होता, त्या गवताला आता मालक आला.

इथपर्यंतचा इतिहास दुःखाचा असला तरी समजण्याजोगा आहे. नवे वाहन आले, जुने मागे पडले. पुढचा भाग मात्र तसा नाही. सरकारला फिरणारा माणूस आवडत नाही. त्याचा सारा लिहायचा कोणत्या गावात, त्याला बोलवायचे कोणत्या चावडीवर? १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि पुढे १९११ व १९२४ मध्ये तो वाढवला गेला. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणाऱ्या या कायद्याच्या जाळ्यात निरनिराळ्या मुलखांत बंजाऱ्यांच्या काही शाखाही आल्या. ज्याच्या शब्दावर राजे आपली फौज पोसत होते, त्याने पोलीस चौकीत हजेरी लावायची! १९५२ च्या ऑगस्टअखेर हा कायदा रद्द झाला, आणि महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींच्या यादीत गेला. मला येथे त्या कुत्र्याच्या गळ्यातली चिठ्ठी आठवते. ती चिठ्ठी तेव्हाही गळ्यात होतीच. वाचणाऱ्याने आधी हात उगारला.

आज आमच्या जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या बाजूला फिरताना तांडा नावाच्या वस्त्या जागोजागी लागतात. शाळा आहे, सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा आहे. पलीकडे वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला त्यांच्या समाधीच्या दर्शनाला येथून लोक जातात. याच समाजातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. दिवाळीच्या अवसेला तांड्यातल्या कुमारिका हातात दिवा घेऊन घरोघरी जातात आणि वडीलधाऱ्यांना ओवाळून शुभ चिंतितात. याला मेरा म्हणतात. एका तांड्यावर हा सोहळा पाहून बाहेर बाजेवर बसलो असता मी तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारले, “बाबा, लदेणीचं काही आठवतं का?” ते म्हणाले, “मले काय आठवीन, बापू? माह्या आज्यालेच आठवत नोतं. पण दिवाई झाली का पाय अजून खाजवते.”

ते गमतीने बोलले नव्हते हे मला दोन दिवसांनी कळले. मेरा मागणाऱ्या त्या मुलींपैकी काहींच्या दारांना कुलपे लागली होती. वस्तीबाहेर ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या मागच्या ट्रॉलीत ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, चूल, कोंबड्यांचा खुराडा, खोपीचे बांबू, त्यांवर बसलेली पोरे आणि एक दोरीने बांधलेला कुत्रा. ही मंडळी दूर कारखान्याच्या फडावर ऊसतोडीला निघाली होती. मुकादमाची उचल घेतलेली होती. ती फिटेपर्यंत, वैशाख उजाडेपर्यंत, हेच घर.

हौसेने चाकांचे घर घेऊन हिमालयाकडे जाणाऱ्यांशी माझे भांडण नाही. मोकळ्या आभाळाखाली राहण्याची ओढ सर्वांनाच असते, आणि बरोबर कुत्रा असला तर मुक्काम अधिक निर्धास्त होतो हे तांड्यांनी फार पूर्वी सिद्ध केले आहे. फरक आहे तो एवढाच, की तांडा निघत असे तेव्हा नाईक स्वतःचा माल, स्वतःचे बैल आणि स्वतःचा शब्द घेऊन निघत असे. वाट त्याची होती. आजच्या ट्रॉलीतल्या माणसाजवळ संसार तोच आहे, हंगाम तोच आहे, कुत्राही तोच आहे. पण ट्रॅक्टर दुसऱ्याचा, ऊस दुसऱ्याचा आणि पुढचे सहा महिने मुकादमाचे. रोहिणखेडच्या लढाया शिकवताना आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना हाही इतिहास सांगितला पाहिजे. त्यांच्या वर्गातली काही बाके दिवाळीनंतर रिकामी का राहतात, ते त्याशिवाय त्यांना कळणार नाही.